आई पुन्हा पडली: ‘पाय घसरला’ एवढ्यावर थांबू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई 72 वर्षांच्या, सांगलीजवळ गावी मुलाकडे राहतात. गेल्या दिवाळीत अंगणात पडल्या, मनगट मोडलं, प्लास्टर झालं. आता आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघराच्या दारात पुन्हा पडल्या. हाड वाचलं, मुका मार भरपूर लागला. ब्लडप्रेशरची, मधुमेहाची आणि झोपेची गोळी चालू आहे. भाऊ म्हणतो, आता आईने एका जागी बसून राहावं. मुलगी विचारते: हे वयामुळेच का? कॅल्शियम चालू केलं तर भागेल का? आणि तिचं हिंडणं-फिरणं बंद करायचं का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आईंना बसवून ठेवू नका. भावाचा जीव तुटतो म्हणूनच तो तसं म्हणतो, हे मला कळतं. पण “आता तू काही करू नकोस” हे ऐकून घरी बसलेल्या बायका सहा महिन्यांनी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या मांड्या आधीपेक्षा बारीक झालेल्या असतात आणि खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात. अमेरिकेत धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस पलंगावर ठेवून पाहिलं, तर तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस झडलं. चरबी नव्हे, मांस. पडू नये म्हणून बसवलेली बाई पुढच्या पडण्याची तयारी करत असते.

आता वयाचं. 65 वर्षांवरच्या माणसांपैकी साधारण दर तिघांत एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, म्हणजे वय आहेच. पण बाकीचे दोघंही त्याच वयाचे असतात. पुढे कोण पडणार याचा सगळ्यात पक्का अंदाज देणारी गोष्ट म्हणजे गेल्या वर्षभरात ती व्यक्ती पडली होती का. तुमच्या आई वर्षात दोनदा पडल्यात. हे योगायोगावर सोडायचं नाही, कारण शोधायचं. आणि कारण एकटं नसतं. माझ्या पाहण्यात मोठं पडणं हे चार-पाच लहान गोष्टी एका क्षणी एकत्र आल्यामुळे घडतं, आणि त्यांतल्या दोन काढल्या तरी पुष्कळदा पडणं टळतं.

तुम्ही जाता जाता लिहिलंत, ‘एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे’. मी तिथेच थांबले. उपास होता ना? उपासाला बऱ्याच जणी दिवसभर चहावर काढतात, एकदा चार घास साबुदाणा खातात, पाणी कमी पितात. गोळ्या मात्र नेहमीच्या वेळी, नेहमीच्या मापात घेतात. मधुमेहाची गोळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी असेल, तर पोटात अन्न नसताना ती साखर खाली ओढत नेते. अंगात पाणी कमी आणि वर ब्लडप्रेशरची गोळी, म्हणजे उठून उभं राहिलं की प्रेशर उतरणार. त्यात झोपेच्या गोळीचा अंमल पहाटेपर्यंत असतो. बाहेर अंधार, लघवीची घाई, पावसाळ्यात ओलसर झालेला उंबरठा. आई म्हणाल्या असतील, “काही नाही गं, पाय घसरला.” पाय घसरलाच असेल. पण तीच फरशी त्या रोज ओलांडतात.

उपास सोडायला मी सांगत नाही. मी सांगितलं तरी त्या सोडणार नाहीत, आणि त्यांची श्रद्धा माझ्या प्रिस्क्रिप्शनपेक्षा जुनी आहे. फक्त डॉक्टरांना आधी विचारून ठेवा की एकादशीला, नवरात्रात कुठली गोळी किती घ्यायची. दोन मिनिटांचं काम आहे, पण पेशंट विचारत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

गोळ्यांचं आणखी थोडं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या गोळ्या ज्येष्ठ बायकांच्या उशाशी वर्षानुवर्षं असतात. नवरा गेला तेव्हा कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली असते आणि दहा वर्षं चालू राहते. या गोळ्यांनी तोल आणि सावधपणा दोन्ही मंदावतात. पण माझं वाचून त्या आजच बंद करू नका. बऱ्याच दिवसांची गोळी एकदम थांबवली तर झोप पार उडते, जीव घाबरा होतो, क्वचित झटकेही येतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवायची. पायांच्या आगीसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधं, हीही त्याच यादीत येतात. एका आजींच्या पिशवीत मला एकच औषध तीन निरनिराळ्या नावांनी सापडलं होतं. तीन डॉक्टर, तीन कागद, आणि आजी तिन्ही गोळ्या मन लावून घेत होत्या.

यापुढचं काम तुम्ही फोनवरही करू शकता. आईंना ‘चक्कर येते का’ असं विचारू नका, कारण आपल्याकडे ‘चक्कर’ या एका शब्दात सगळं येतं. त्यांना नेमकं काय होतं ते त्यांच्याच शब्दांत ऐका. माझं निम्मं निदान त्या शब्दांत होतं.

“घर गरगर फिरतं, कूस बदलली की किंवा वर पाहिलं की” असं म्हणाल्या तर दोष बहुतेक कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात असतो. तिथले बारीक खडे जागा सोडून नळीत शिरलेले असतात. पलंगावर डोकं विशिष्ट क्रमाने वळवून ते जागेवर नेता येतात, आणि अनेकींना एक-दोन वेळांतच आराम पडतो. अशा बायका महिनोन् महिने चक्करच्या गोळ्या खात बसतात याचं मला फार वाईट वाटतं.

“उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते” असं म्हणाल्या तर प्रेशर उतरतंय. घरी मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडवून प्रेशर मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना आकडे दाखवा. दवाखान्यात बसवून घेतलेलं प्रेशर नॉर्मल येतं, म्हणून हे निसटून जातं.

“डोकं ठीक आहे गं, पण तोल जातो” हे उत्तर मिळालं तर पायांच्या नसांकडे पाहायचं. मी दोन प्रश्न विचारते. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनवर झोक जातो का? चालताना पायातून चप्पल निघून गेली तरी कळत नाही का? याला ‘हो’ म्हणणाऱ्या बाईच्या तळव्यांना जमीन नीट कळत नाही, ती डोळ्यांच्या भरवशावर चालते, म्हणून अंधारात पडते. मधुमेहाने हे होतं, बी-12 कमी पडल्यानेही होतं. शाकाहारी बाई आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, अशी जोडी असेल तर बी-12 तपासून घ्याच.

आणि चौथं उत्तर, “गुडघा सोडून देतो, पायांत जीवच नाही.” हे सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं आणि सगळ्यात कमी मनावर घेतलं जातं. त्याकडे पुढे येते.

शुद्धच हरपली असेल, छातीत धडधड झाली असेल किंवा पडल्याचं आठवतच नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि हृदयाची तपासणी आधी करा.

एक गोष्ट आई तुम्हाला आपणहून सांगणार नाहीत, मुलाला तर नाहीच. लघवीची घाई. बाळंतपणं झालेल्या, पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या कितीतरी बायकांना लघवी लागली की दम धरवत नाही. अंथरुणातून उठून मोरीपर्यंत पोचायच्या आत साडी ओली होईल या धास्तीने त्या दिवा न लावता, चप्पल न घालता धावतात. अमेरिकेतल्या ज्येष्ठ बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात, आठवड्यातून एकदा तरी अशी घाई होऊन लघवी सुटणाऱ्यांमध्ये पडण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने जास्त दिसला. एका आजींना मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा “ओल्यावरून घसरले” हेच उत्तर. सून बाहेर गेली तेव्हा हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, ते ओलं माझंच होतं.” त्यांना लघवीत जंतुसंसर्ग होता. त्यावर उपचार झाले, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले, रात्रीसाठी पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवली. हा प्रश्न तुम्हीच विचारा, लेकीने विचारलं तर आई बोलेल.

डोळे. ‘मोतीबिंदू पिकू दे, मग काढू’ हा विचार आता सोडून द्यायला हवा. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला 70 वर्षांवरच्या 306 बायकांवर केलेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झालेल्या बायकांचं पडणं, वाट पाहत राहिलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरलं. आणि दुहेरी नंबरचा चष्मा असेल तर जिना उतरताना त्या खालच्या भिंगातून पायरीकडे पाहतात, जे भिंग वाचायसाठी असतं. पायरी धूसर दिसते. जिना उतरताना मान खाली वाकवून वरच्या भिंगातून पाहायला शिकवा, किंवा चालण्यासाठी फक्त लांबचा चष्मा करून घ्या.

आता हाडं. बायकांच्या बाबतीत पडणं आणि मोडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींकडे पाहावं लागतं. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात. तुमच्या आई उभ्या उंचीवरून पडल्या आणि मनगट मोडलं. निरोगी हाड तेवढ्याने मोडत नाही. त्याच दिवशी कुणीतरी ‘प्लास्टर सहा आठवडे’ या बरोबरच ‘हाडांची घनता तपासा’ असंही सांगायला हवं होतं. पन्नाशी-साठीत बाई पडते तेव्हा हात पुढे येतो आणि मनगट जातं. पुढे वय वाढतं तसा हात वेळेवर येत नाही, चाल मंद झाल्याने ती पुढे न पडता बाजूला कलंडते, आणि सगळा भार खुब्यावर येतो. कुशीवर पडलं की खुबा मोडण्याचा धोका कैक पटींनी वाढतो. खुबा मोडलेल्या ज्येष्ठांपैकी साधारण पाचांत एक ते चारांत एक वर्षभरात दगावतो. म्हणून मनगटाला मी पहिली सूचना मानते.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत तिचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं म्हणतात. पण आकडा त्याहून बरा आला तरी, मनगट मोडलंय हे धरून औषधाचा विचार करावा लागतो. केवळ कॅल्शियमने भागत नाही. आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रॉनिक ॲसिड, अशी औषधं आहेत. त्याआधी मूत्रपिंड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि दात तपासून घ्यायचे. पाठीला बाक आला असेल, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल तर मणक्याचा एक्स-रेही काढा. मणका न दुखताही दबतो.

ड जीवनसत्त्वाबद्दल एक कळकळीचं सांगणं. आपल्याकडे त्याची कमतरता खूप आहे आणि ती भरून काढायलाच हवी. पण ‘एकदाच सहा लाख युनिटचं इंजेक्शन घेऊन टाकू’ हे करू नका. ऑस्ट्रेलियात 70 वर्षांवरच्या 2,256 बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले. 2010 मध्ये निकाल आला. ज्यांना डोस दिला त्या 15 टक्के जास्त पडल्या आणि त्यांची हाडं 26 टक्के जास्त मोडली. साठ हजार युनिटची आठवड्याची पुडी ठरावीक आठवड्यांपुरती असते. ती संपली की पुन्हा विचारायचं, वर्षभर आपल्या मनाने घेत राहायचं नाही.

इथे जरा आडवळणाने बोलते. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढलेल्या बायकांची हाडं फार लवकर विरळ व्हायला लागतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय 2019 मध्ये राज्यभर गाजला. त्यांतल्या अनेकजणी तिशी-चाळिशीतल्या होत्या. त्या साठीला पोचतील तेव्हा त्यांच्या खुब्यांचं काय होईल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्या आईंचं असं ऑपरेशन झालं असेल तर कोणत्या वयात झालं, ते डॉक्टरांना सांगा.

आता ते चौथं उत्तर, पायांतला जीव. आईंना बिनहाताच्या, पक्क्या खुर्चीवर बसवा, खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी. 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा, शेजारी कुणीतरी उभं हवं. 70 ते 74 वर्षांच्या बाईला दहा वेळा जमायला हवं. पहिल्याच उठण्याला हात मांडीवर गेले, तर पाय कमजोर आहेत हे तिथेच ठरलं. साडेनऊ हजार अमेरिकी गोऱ्या बायकांच्या 1995 सालच्या अभ्यासात, हाताच्या आधाराशिवाय खुर्चीतून उठता न येणाऱ्यांचा खुबा मोडण्याचा धोका दुपटीच्या आसपास होता. आपल्या बायका वेगळ्या आहेत, आकडे जसेच्या तसे लावू नयेत, पण ही खूण मला इथेही रोज खरी ठरताना दिसते. जन्मभर जमिनीवर बसून भाकऱ्या थापलेल्या बायकांना पलंग, खुर्ची आणि कमोड मिळाले की उठण्याबसण्याचा त्यांचा आपोआप होणारा व्यायाम थांबतो. गुडघ्यांसाठी ते बरंच झालं, पण मांड्यांना दुसरं काम द्यायला हवं होतं.

ते देता येतं. न्यूझीलंडमध्ये 80 वर्षांवरच्या 233 बायकांवर केलेला अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले, त्यांचं पडणं वर्षभरात सुमारे एक तृतीयांशाने घटलं. ऐंशीच्या पुढच्या बायका होत्या त्या, तुमच्या आई तर बहात्तरच्या. स्वयंपाकघराचा ओटा हे यासाठी उत्तम ठिकाण आहे. ओट्याला दोन्ही हात धरून टाचा उचलायच्या, मग चवडे उचलायचे. ओट्याच्या कडेने खेकड्यासारखं आडवं चालायचं. एका पायासमोर दुसऱ्या पायाची टाच टेकवून उभं राहायचं, आधी दोन्ही हात धरून, महिन्याभराने एक हात, मग एक बोट. खुर्चीतून उठणं-बसणं पाचपासून सुरू करून वाढवत न्यायचं. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. पहिल्या वेळी फिजिओथेरपिस्टकडून समोर उभं राहून शिकून घ्या. नुसतं चालायला जाण्याने मात्र पाय कमजोर असलेल्या बाईचं पडणं कमी होत नाही. आधी ताकद आणि तोल, मग देवळापर्यंतचा फेरा.

घराबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हालाही दिसतं. पलंग ते न्हाणीघर या वाटेवर रात्रभर लहान दिवा. पायपुसणं सरकणारं नको. न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी. नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरून उठणं नको. कोनाड्यातला डबा काढायला स्टुलावर चढणं आजपासून बंद. गाऊन घोट्याच्या वर. पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ खराट्याने घासून काढा, तुळशीपर्यंतच्या वाटेवर पाणी साचू देऊ नका. आणि न्हाणीघराची कडी त्यांनी आतून लावू नये. दार आत उघडणारं असेल तर पडलेली बाई दारालाच अडकते आणि दार उघडत नाही. ते बाहेर उघडणारं करून घ्या. माझ्या आत्याच्या घरी शेवटी दार तोडावं लागलं होतं. ती दीड तास ओल्या फरशीवर पडून होती, हाका मारून तिचा आवाज बसला होता. खुबा मोडला होताच, पण त्या दीड तासाने ती मनाने खचली.

तरीही पडल्याच, तर काखेत हात घालून ओढून उचलू नका. आधी विचारा कुठे दुखतंय. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, किंवा जांघेत कळ येत असेल, तर हलवू नका, चोळू नका, 108 ला फोन करा. खुबा मोडूनही एखादी बाई चार पावलं चालते, त्यावर जाऊ नका. खुबा मोडलाच असेल तर ‘या वयात ऑपरेशन कशाला’ म्हणून दिवस घालवू नका. ते पहिल्या एक-दोन दिवसांत झालेलं बरं. पडून राहण्याने फुप्फुसं भरतात, पाठीला जखमा होतात, आणि माणसं बहुधा त्याने जातात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल तर लगेच दाखवा, आणि पुढचे काही आठवडे डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यातला गोंधळ यांवर लक्ष ठेवा.

काही मोडलं नसेल तर स्वतः उठायचं कसं हेही शिकवून ठेवा. कुशीवर वळायचं, हातांवर भार देऊन रांगायच्या स्थितीत यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, खुर्चीवर हात रोवून मजबूत पाय पुढे टेकवायचा. पलंगावर, गादीवर सराव होतो. हे जमतं असं कळलं की पडण्याची भीती निम्मी उतरते. आणि ती भीती लहान नाही. तिच्यापायी बायका भिंत धरून, पाय न उचलता फरफटत चालतात आणि त्यानेच अडखळतात.

आईंना ज्येष्ठांचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे एकदा सविस्तर न्या. आधी फोन करून जास्त वेळ मागून घ्या. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि शेजारणीने दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत भरा. झोपून आणि उभं राहून मोजलेले प्रेशरचे आकडे कागदावर लिहून न्या. दोन्ही वेळा पडण्याआधीच्या बारा तासांत त्यांनी काय खाल्लं, कोणती गोळी कधी घेतली, कुठे निघाल्या होत्या, तेही लिहा. चष्मा आणि मनगटाचा जुना एक्स-रे बरोबर असू द्या. आणि जाताना त्यांना नव्या चपला घालू नका, घरात रोज वापरतात त्याच घालून न्या. त्या चपलांचे तळ कुठे झिजलेत ते डॉक्टरांनाही पाहू दे.